वळणावर बंद पडणारी पिकप

गाडीतलं तुम्हाला काय कळतं, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. मी सांगते, मला गाडी चालवता येत नाही, पण ती बंद का पडते ते कळतं. चालवणाऱ्याला हे दुसरं कळेलच असं नाही. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, अर्धं आयुष्य स्टेअरिंगवर काढलं. पण एक बिघाड असा होता, जो त्यांना सापडला नाही, कोल्हापूरच्या मिस्त्रीलाही सापडला नाही. तो मला सापडला. कसा, ते सांगते.

आमचं गाव राधानगरीच्या अंगाला. भात, ऊस आणि म्हशी, एवढ्यावर सगळं चालायचं. नव्वद सालानंतर चार-पाच वर्षांनी मालकांनी कोल्हापुरातनं एक जुनी डिझेलची पिकप आणली. दोन मालक पालटून आलेली. रंग मूळचा कुठला हे सांगता येत नव्हतं, कारण दार एका रंगाचं आणि बॉनेट दुसऱ्या. पण पाठीमागचा हौदा दणकट होता. त्या हौद्यात आम्ही काय नाही नेलं. उसाचं वाडं, शेणखत, भाताची पोती. गडहिंग्लजच्या बाजाराला म्हशी. एकदा अडलेली म्हैस डॉक्टरकडं नेताना ती वाटेतच व्याली, आणि जाताना एक जनावर होतं ते येताना दोन झाली.

गाडीला खोडी भरपूर होत्या. सकाळच्या गारठ्यात सेल्फ मारला की नुसती कण्हायची. म्हणून मालक ती कायम उतारावर लावायचे आणि चाकाला दगड. सकाळी मी दगड काढायची, गाडी घरंगळायची आणि चार ढांगांवर धडधडून सुरू व्हायची. हँडब्रेक होता, पण तो हात ठेवायला. स्प्रिंगच्या पाट्यांचा कुईकुई आवाज तर असा की गाडी वेशीवर आली की मी चहाचं आधण ठेवायची. या खोडींचं आम्हाला काही वाटत नसे. म्हैस लाथ मारते म्हणून कोण तिला विकतं? दूध देते तोवर लाथ खायची.

खरं काम होतं दुधाच्या फेरीचं. आमच्या गावचं आणि वरच्या दोन वाड्यांचं सकाळचं दूध कॅनमध्ये भरून तेरा-चौदा मैलांवरच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं. गावच्या दूध संस्थेनं ही फेरी आमच्या पिकपला दिली, तेव्हा ती सहजासहजी दिली नव्हती. आम्ही बौद्ध. सासऱ्यांनी दीक्षा घेतली त्यालाही तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी आमच्या वस्तीतल्या गाडीत दुधाचे कॅन म्हटल्यावर एक-दोन घरांनी नाकं मुरडली. तोंडावर कुणी काही बोललं नाही. ‘स्वच्छतेचं कसं करायचं?’ एवढंच एकानं संस्थेच्या दारात विचारलं. चेअरमन सरळ माणूस. ते म्हणाले, ‘‘गाडी कुणाची ते दुधाला कळत न्हाय. येळेवर पोचलं की झालं.’’

पण तो स्वच्छतेचा शब्द माझ्या डोक्यात बसला. केंद्रावर कॅन वाफेनं धुवून मिळायचे, तरी घरी आले की मी ते परत धुवायची. चुलीवर कढत पाणी, धुण्याचा सोडा आणि नारळाचा काथ्या. मग फळीवर उन्हात उपडे. कॅनात तोंड घातलं तर आपलं तोंड दिसलं पाहिजे, असे. केंद्रावरचा माणूस एकदा मालकांना म्हणाला, ‘‘तुमच्या फेरीचा कॅन उघडला की वासच येत न्हाय ओ.’’ मालकांनी ते मला घरी येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासनं मी काथ्या आणखी जोरात घासायला लागले.

संस्थेचा एक नियम होता. गाडी उशिरा गेल्यामुळं दूध खराब होऊन परत आलं, आणि असं तीनदा झालं, तर फेरी दुसऱ्या गाडीला. नियम बरोबर होता. वाडीतल्या बाईची एक म्हैस असते, आठवड्याचा बाजार त्या दुधावर होतो. तिचं दूध आमच्या गाडीपायी ओतून द्यावं लागलं तर तिनं आम्हाला का म्हणून सोसावं?

पहिल्यांदा झालं ते ऐन पावसाळ्यात. गाव सोडलं की चारेक मैलांवर एक चढ लागतो आणि चढाच्या निम्म्यात वळण. तिथं गाडीनं आचके दिले, पांढरा धूर सोडला आणि बसली. मालकांनी सगळं खोलून बघितलं, डिझेल ओढायचा हातपंप मारमारून दमले. शेवटी एका ट्रॅक्टरनं ओढून नेलं. दूध पोचलं तेव्हा दुपार झाली होती. सगळे कॅन परत.

दुसऱ्या दिवशी गाडी कोल्हापूरला. मिस्त्री मालकांच्या ओळखीचा, पन्नाशीचा, कानावर बिडी आणि बोलणं असं की डॉक्टरनं ऐकावं. त्यानं डिझेलचा फिल्टर खोलला आणि म्हणाला, ‘‘पाणी गेलंय आत. पाऊस काय कमी हाय व्हय तुमच्याकडं? टाकीचं टोपण बगा, चाळणी झालीया.’’ नवं टोपण बसवलं, वर प्लॅस्टिक बांधलं, टाकी स्वच्छ केली. गाडी दोन-तीन आठवडे अशी पळाली की मालक शिट्टी वाजवत घरी यायचे. मग परत त्याच वळणावर आचके. त्या वेळी थोडक्यात निभावलं, फिल्टर सोडून पाणी काढलं आणि गाडी वर गेली. परत मिस्त्री. या खेपेला पाइप बदलला. परत दोन-तीन आठवडे बरे, परत आचके. मग इंजिनाचा डिझेलपंप उतरवून तपासला. नोजल बदलले. दरवेळी मिस्त्री म्हणायचा, ‘‘आता गॅरंटी,’’ आणि दरवेळी ती गॅरंटी त्या वळणापर्यंतच पुरायची.

गावात लोकांना कारण केव्हाच सापडलं होतं. त्या वळणावर शेंदूर लावलेला एक दगड आहे. येणारेजाणारे गाडीवाले तिथं नारळ फोडायचे, आम्ही फोडत नव्हतो. वरच्या वाडीतली एक म्हातारी, जिला आम्ही सगळेच आत्ती म्हणायचो, माझ्यावर जीव होता तिचा. दोन म्हशी होत्या, त्यांच्यावरच तिचं चालायचं. ती एकदा दूध घालायला आली असता मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘पोरी, एक नारळ फोड की. तुमच्या देवाला कोण सांगाया जातंय?’’

‘‘आत्ती, सांगायला आमच्यात देव हाय कुठं?’’

‘‘मग तर काय भ्याचंच कारण न्हाय. फोड.’’

मी हसले. पण मालकांपुढं हा विषय काढायची सोय नव्हती. ते म्हणायचे, ‘‘डिझेलात पाणी येतंय. पाण्याला कारण असतंय. दगडाला इचारून काय करू?’’ हे त्यांचं मला पटायचं. कारण असतं, ते शोधायचं. आम्हाला विहारात तेच शिकवलेलं.

पाऊस सरला, दिवाळी झाली, सुगी आली. आभाळात ढग औषधाला नाही. आणि दुसऱ्यांदा दूध गेलं. त्याच वळणावर. आत्तीचंही दूध त्यात होतं.

संध्याकाळी चेअरमन घरी आले. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि मालकांकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, ‘‘वैनी, दोन झाले. तिसरा झाला तर माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाय. लोक टपून बसल्यात.’’ कोण टपून बसलं होतं ते आम्हाला माहीत होतं. मालक रात्री जेवले नाहीत. फेरी गेली असती तर पोट कसंही भरलं असतं, मालाची भाडी होतीच. पण ‘बघा, दिली होती, जमली नाही त्यांना,’ हे वाक्य गावात कायमचं राहिलं असतं. आमच्यानंतर वस्तीतल्या दुसऱ्या कुणाला कसलंच काम मागायला तोंड उरलं नसतं.

त्याच आठवड्यात मालकांच्या मनगटाला लचक भरली. कॅन चढवायला-उतरवायला मी गाडीबरोबर जायला लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्या वळणाच्या जरा अलीकडंच गाडीनं आचका दिला. मालकांनी लगेच बाजूला घेतली. म्हणाले, ‘‘खाली धर कायतरी, डिझेल वाया जाईल.’’ पाण्याची काचेची बाटली होती, सरबताची जुनी. त्यातलं पाणी मी ओतून दिलं, पदराच्या टोकानं आतनं पुसून काढली आणि फिल्टरखाली धरली. मालकांनी खालचा स्क्रू सोडला. बाटलीत पडलं ते गढूळ दिसत होतं. मी ती मडगार्डवर ठेवली. मालक हातपंप मारेपर्यंत बाटलीतलं निवळलं. खाली तीन बोटं पाणी, वर पिवळं डिझेल. मध्ये रेघ मारल्यासारखी.

मी म्हशीवाली बाई. दुधातलं पाणी ओळखण्यात माझा जन्म गेला. दूध पाण्याला पोटात घेतं, लपवतं. त्याला डिग्री, म्हणजे लॅक्टोमीटर, लावावी लागते. डिझेल लपवत नाही. नुसतं स्वस्थ बसून बघायचं, ते आपणच दाखवतं.

गाडी सुरू झाली. आम्ही वेळेत पोचलो, अगदी शेवटच्या घडीला. पण परत येताना मालकांचा पारा चढलेला. ‘‘आता पाऊस न्हाय, टोपण नवं, पाइप नवा. मग पाणी आलं कुठनं? पेट्रोलपंपावरनं. पंपवाला पाणी मिसळतोय.’’ दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली. मालक मितभाषी माणूस, त्यामुळं ते बोलले म्हणजे खरंच असणार, असं लोकांना वाटलं. ज्यांच्या ट्रॅक्टरला, मोटारीला कधी ना कधी काही झालं होतं त्या सगळ्यांना एकदम कारण मिळालं. रविवारी दूध घालून झाल्यावर सगळ्यांनी पंपावर जाब विचारायला जायचं ठरलं.

मला एक गोष्ट खटकत होती. मी मालकांना विचारलं, ‘‘आवो, त्याच पंपावर निम्म्या तालुक्याचे ट्रॅक्टर भरत्यात. ते चढावर कशे जात्यात मग?’’

‘‘तुला काय कळतंय त्यातलं.’’

झालं. हे वाक्य माझ्यापुढं कुणी बोलू नये. शनिवारी मी एसटीनं पंपावर गेले, तीच बाटली घेऊन. पंपवाल्याला म्हटलं, ह्यात भरून दे. तो म्हणाला, ‘‘मावशी, कंदील लावणार व्हय डिझेलवर?’’ मी म्हटलं, ‘‘लावतो की, तुझ्या नावानं.’’ आमच्याकडं बायकाही येतो-जातोच म्हणतात. बाटली घरी आणून खिडकीत ठेवली. तासभर बघत बसले. तळाला थेंब नाही. स्वच्छ.

मग राहिलं घरातलं डिझेल. पंप लांब आणि फेरीच्या उलट्या दिशेला, म्हणून मालक आठवड्याचं डिझेल एकदम आणून एका जुन्या दुधाच्या कॅनमध्ये ठेवायचे. संस्थेनं बाद केलेला कॅन, खांद्याजवळ मोठा पोचा आलेला. दुसऱ्या बाटलीत मी त्याच्या तळाचं डिझेल नळीनं ओढून घेतलं. थोड्या वेळानं बघितलं. खाली पाणी.

मी त्या कॅनसमोर उकिडवीच बसले. कारण मला तेव्हाच कळलं होतं. तो कॅन दर आठवड्याला रिकामा झाला की मी धूत होते. डिझेलचा वास दुधाच्या कॅनांना लागू नये म्हणून. दूध वास धरतं. त्या कॅनला कुणी हात लावायला सांगितलं नव्हतं. कढत पाणी, सोडा, काथ्या, सगळं अगदी दुधाच्या कॅनसारखं, आणि मग उपडा. खात्री करायला मी कॅन रिकामा केला, परत तसाच धुतला, उपडा ठेवला, आणि दिवसभर उन्हात वाळला असता तेवढा वेळ त्याला दिला नाही, कारण मालकांना भरायची घाई असायची, म्हणून मी एरवीही कधी देत नव्हते. मग सुलटा केला. खांद्याच्या पोच्यात अडकलेलं पाणी खळकन तळाला गेलं. पेलाभर तरी असेल. दर आठवड्याला एक पेला. टाकीच्या तळाला साठत जायचं, सपाटीला गप राहायचं, आणि चढावर टाकी तिरकी झाली की नळीत शिरायचं.

मालक शेतावरनं आले तेव्हा मी दोन्ही बाटल्या त्यांच्यापुढं ठेवल्या आणि सगळं सांगितलं. त्यांनी घरची बाटली हलवली आणि परत निवळू दिली. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘कॅन धुवायचं बंद कर. झालं. कुणाला सांगू नको.’’

‘‘आणि उद्या ते सगळे पंपावर जाणार ते?’’

‘‘जातील, वराडतील, परत येतील. पंपवाल्याचं काय जातंय?’’

‘‘त्याचं नाव जातंय की.’’

‘‘आणि आपलं?’’ मालक म्हणाले. ‘‘आपलं काय जातंय ते तुला ठाव हाय. आज लोक म्हणत्यात पंपवाल्याचा दोष. उद्या म्हणतील ह्यांना कॅनसुदीक सांभाळता येत न्हाय. कोण म्हणतील ते तुला सांगायला पायजे?’’

नको होतं. मालक चुकीचं बोलत नव्हते. गप्प बसले असते तर फेरी आपोआप राहिली असती, बिघाडही संपला असता. पण मी रात्रभर एकच विचार केला. आपण न केलेल्या गोष्टीचा बोल आपल्याला लागला तर कसं वाटतं, हे आमच्याइतकं गावात कुणाला माहीत होतं? मग तोच बोल मी दुसऱ्याला कसा लावू?

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला संस्थेसमोर पिकप उभी. हौद्यात पंधरा-सोळा माणसं चढून बसलेली, चेअरमन केबिनमध्ये, मालक स्टेअरिंगवर, मान खाली घालून. मी कॅन डोक्यावर आणि दोन्ही हातांत बाटल्या घेऊन गाडीच्या पुढं जाऊन उभी राहिले. कॅन बॉनेटवर आपटून ठेवला.

‘‘उतरा खाली,’’ मी म्हटलं. ‘‘पंपावर कुणी जायचं न्हाय. पाणी माझं हाय.’’

सगळं सांगितलं. ही पंपाची बाटली, ही घरची. कॅन सुलटा-उपडा करून दाखवला.  मग हौद्यातनं एकजण, ज्यानं तेव्हा स्वच्छतेचं विचारलं होतं तोच, म्हणाला, ‘‘म्हंजे दोन्दा दूध नासलं ते तुमच्यामुळं.’’

‘‘व्हय.’’

‘‘मग चेअरमन, तिसऱ्याची वाट कशाला बगायची? फेरी काढा की आत्ताच.’’

मी मागं सरले नाही. आत्ती संस्थेच्या पायरीवर बसली होती. ती उठली नाही, बसल्या जागेवरनं म्हणाली, ‘‘माझं दूध दोन्दा गेलंय. तुझं किती गेलं रे?’’

 त्याची म्हैस तेव्हा आटलेली होती, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

‘‘कॅन लई धुतला म्हणून बाईला शिक्षा करताय व्हय?’’ आत्ती म्हणाली. ‘‘माझ्या घरात दोन सुना हायत, खरकटं ताट सांजपतूर धुत न्हाईत. त्यांना काय बक्षीस देणार काय?’’

हौद्यात हशा पिकला. चेअरमन मात्र हसले नाहीत. ते केबिनमधनं उतरले, माझ्या हातातली घरची बाटली उजेडाला धरून नीट बघितली आणि मालकांना म्हणाले, ‘‘दोन झालेत ते दोनच ऱ्हातील. ते मी पुसणार न्हाय. फेरी तुमच्याकडं हाय. सकाळी येळेवर लावा.’’ मग मला म्हणाले, ‘‘आणि वैनी, हा कॅन भंगारात घाला.’’

मी तो त्याच दिवशी भंगारवाल्याला दिला. मालकांनी टाकी उतरवून पूर्ण रिकामी केली आणि प्लॅस्टिकचा डबा आणला, ज्याला मी हात लावायचा नव्हता. माझ्याशी मात्र बोलले नाहीत. सोमवारी पहाटे मी न सांगता गाडीत जाऊन बसले. दगड काढला कुणी? त्यांनीच.

वळण आलं. त्यांनी दुसरा गिअर टाकला. गाडी ओरडत चढायला लागली, मागं कॅन एकमेकांवर आपटत होते. आम्ही दोघंही श्वास धरून होतो. निम्मा चढ गेला, वळण गेलं, वरचं सपाट आलं. मालकांनी मोठ्यानं श्वास सोडला आणि रविवारपासनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

‘‘धुतलास ते धुतलास. सगळ्या गावासमोर सांगायची काय गरज हुती?’’

‘‘मग कुणासमोर सांगायचं हुतं?’’

त्यांनी गिअर बदलला. पुढं एक मैल गेल्यावर म्हणाले, ‘‘त्या पंपवाल्याकडं एकदा जाऊन येऊया. मी लई बोललोय त्याच्याबद्दल.’’

केंद्रावर आम्ही पोचलो तेव्हा कॅन घेणारा माणूस अजून कुलूपच काढत होता.